ओठाचा दगड

नकाशात सगळं होतं.
पाचवडच्या पुढं, कृष्णेकडं उतरणारं दीड एकर रान,
पुण्याच्या साहेबांचं फार्महाउस,
आणि त्यात मी काढलेला पोहण्याचा तलाव:
लांबी बारा मीटर, उथळ बाजू कमरेइतकी,
खोल बाजूला काळ्या दगडाची भिंत,
भिंतीच्या माथ्यावरून पाणी पडणार.
किती लिटर, कुठल्या मोटरनं, किती इंची पाइपातून,
तेही लिहिलेलं.
आवाज कसा, त्याला रकाना नव्हता.

तिमण्णा विटकर नकाशा उलटा धरायचा.
"ताई, ह्यो दगूड कुटल्या अंगाला?"
उत्तरेला, मी म्हणाले.
"ठिवायचा कुटं ते न्हाई इचारलं.
खाणीत कुटल्या अंगावर निजला हुता?"
मग हातोडीनं एकेकाला टिचकी.
खणखणला तो घ्यायचा,
बदबदला तो बाजूला, करंजाच्या बुडाशी,
तिथं मुकादम त्यावर बसून तंबाखू मळायचा.

पातळी बघायला मी लेझर नेलं.
वैशाखाच्या उन्हात त्याचा लाल ठिपका कुणालाच दिसेना.
तिमण्णाची लेक दुर्गव्वा पारदर्शक नळी घेऊन आली.
पाणी भरलं. एक टोक तिच्याकडं, एक बापाकडं,
मधे चाळीस फूट ऊन,
आणि दोघं गप्प,
नळीतला बुडबुडा टिचकीनं वर काढत.
पाण्याची पातळी पाण्यालाच विचारायची.
मी लेझर डब्यात घातलं.

खोल बाजूच्या भिंतीत, काठाखाली साडेतीन फुटांवर,
एक थर वीतभर पुढं आलेला दिसला.
मी चिडले. हे कुणी सांगितलं?
बिल कोण देणार? साहेबांना काय दाखवू?
तो छिन्नीची धार अंगठ्यानं बघत राहिला.
"आमी खाणीच्या डबऱ्यात शिकलो पवायला.
पाठीला राकेलचा डबा बांधून.
डबा येकच हुता.
भाऊ दोन."
दुर्गव्वा पाट्या मोजत होती. मोजायची थांबली नाही.
"कडंला पायाला काय तरी लागलं असतं,"
तो म्हणाला, आणि पुढं बोलला नाही.

थर तसाच राहिला.
त्याच्या कडा त्यानं नंतर गोल केल्या,
कुणाची नडगी सोलू नये म्हणून.

तलाव भरला. खडूची रेघ मारून तीन दिवस वाट बघितली.
अर्ध्या बोटाएवढं उतरलं,
तेवढं उन्हाचं, असं मुकादमानं ठरवून टाकलं.
मोटर गुरुवारी लावायची होती, गुरुवारी लाइट नसते,
ती आली साडेतीनला.
पाणी वर चढलं, ओठाच्या दगडावर पसरलं
आणि पडलंच नाही.
दगडाला धरून, भिंतीला चिकटून,
पोटावर रांगत खाली आलं. बिनआवाजाचं.
साहेबांचा फोन येऊन गेला, मी उचलला नाही.
तिमण्णा भिंतीवर पालथा झाला,
ओठाच्या खालून बोट फिरवलं.
"हितनं त्याला सुटता येत न्हाई. शिकवाय लागतंय."

संध्याकाळपर्यंत ओठाच्या पोटाला एक खाच,
करंगळी बसेल एवढी, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
परत मोटर.
पाणी कडेपर्यंत आलं, खाचेपाशी अडलं,
आणि सुटलं.
आतल्या खोलीत कुणी हलक्या आवाजात
दिवसाचा हिशेब सांगतंय, तसा आवाज.
दुर्गव्वा म्हणाली, अजून जाड हाय.
मोटरचा व्हॉल्व्ह तिनंच पाऊण फेरा आवळला.

आता तिथं पाहुणे येतात.
धबधब्यापुढं उभं राहून फोटो काढतात,
दगड कुठला म्हणून विचारतात.
तो पुढं आलेला थर वरून दिसत नाही,
काळ्यावर काळं, वर पाणी.

ऑफिसात मी नकाशा दुरुस्त केला.
जे असतं पण दिसत नाही
ते आम्ही तुटक रेघेनं दाखवतो.
काढताना पेन्सिल उचलत, टेकवत गेले,
बारा मीटर नाही, फक्त खोल बाजूपुरती,
आणि शेजारी मापाखाली काय लिहावं ते सुचेना
म्हणून लिहिलं: पायाला लागण्यासाठी.