खात्रीचा रकाना

मंगळवारी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन,
म्हणून रविवारीच वढवाण्याला आलो.
डभोईपर्यंत पहिली एसटी, पुढे छकड्यात
कलिंगडांच्या मधे पाय दुमडून.

चाळीस वर्षं रावपुऱ्यात नंबर काढले लोकांचे.
हे बरं दिसतं, की हे?
विचारून विचारून जीभ गुळगुळीत झाली.
आता मला कुणी विचारलं तर
हे पण नाही, ते पण नाही.
चहात बुडवलेल्या बिस्किटासारख्या
सगळ्याच्या कडा सुटतायत.

चैत्र लागलाय. तळं काठापासून मागे सरकलंय,
चिखलाला भेगा, भेगांत शिंपले.
पट्टकादंब गेल्या आठवड्यात हजारभर होते म्हणे,
एका रात्रीत उठले
गव्हाच्या धसकटात पिसं टाकून.
चक्रवाकांची दोन जोडपी उरलीयत,
सामान बांधून रिक्षाची वाट बघणाऱ्या पाहुण्यांसारखी.
शेकाटे इथलेच. ते कुठे जाणार
एवढ्या लांब तंगड्या घेऊन.

पावणेसातला ते दिसलं.
उथळ पाण्यात, टिलव्यांच्या पलीकडे,
मूठभर पाखरू, बसल्या जागी फिरत होतं,
ताकात रवी फिरते तसं,
आणि प्रत्येक फेऱ्याला सुईसारख्या चोचीनं
पाण्यातून काहीतरी टिपत होतं.
गळ्यावर विटकरी डाग होता.
होता का?
डोळ्यावरून काळी पट्टी होती.
उजव्या डोळ्याला होती. डाव्याला नुसता धूर.

दुर्बिणीच्या काचा शर्टाच्या टोकाला पुसल्या
(गिऱ्हाइकांना जन्मभर नको म्हणून सांगितलं तेच)
आणि पुन्हा लावली.
फिरतंच आहे.

पुस्तकात त्याचं इंग्रजी नाव आहे, दात अडकेल असं.
मराठीत मला सापडलं नाही.
भिंगरी म्हणणार होतो, पण ते नाव
पाकोळीच्या भाऊबंदांनी आधीच घेतलंय.
मग भोवरी म्हणालो, पुटपुटलोच,
आणि मागे वळून पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही.

हे समुद्रावरचं पाखरू. हिवाळा खाऱ्या पाण्यात काढतं,
आणि उन्हाळ्याला जातं तिकडे
जिथे तेव्हा रात्रच होत नाही.
वाटेत डभोई तालुका कुठून आला?

नोंदी शर्मिष्ठा कारखानीस ठेवते. तिला फोन लावला.
फोटो काढलात, काका?
कॅमेरा नाही.
सोबत कुणी होतं?
नाही.
ती थांबली. फार सभ्य मुलगी आहे.
काका, तुमचं ऑपरेशन मंगळवारी ना?

तेवढ्यात बांधावरून शनाभाई आला,
कालव्याच्या दरवाजावरचा माणूस,
खांद्यावर हातभर चावी, ओठात विडी.
मी बोट दाखवलं. दुर्बीण पुढे केली.
त्यानं घेतली नाही, डोळे जरा बारीक केले फक्त.
‘आ? आ तो दर वरसे आवे.
एक दी. बहु तो बे दी.’

सोळा वर्षं येतोय मी इथे, शनाभाई.
‘हा. पण जान्युआरीमां.’

काय म्हणता तुम्ही याला?
विडी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेली.
‘कांई नही. आवे, फरे, जाय.’

तो खाली उतरला, दरवाजा करकरला,
कालव्यात पाणी सुटलं.
संध्याकाळपर्यंत तळं आणखी दोन बोटं उतरेल.

मी वही काढली. तारीख, वार, वढवाणा.
नाव: भोवरी, हे खोडलं, मग पुन्हा लिहिलं.
संख्या: एक.
पुढे खात्रीचा रकाना.
लोकांच्या डोळ्यांत पाव नंबर इकडे,
पाव नंबर तिकडे बेधडक करणारा हात
तिथे येऊन थांबला.
मान वर केली तर टिलवे होते,
ऊन होतं, आणि पाण्यावर एक वळसा विरत होता,
किंवा तो माझ्या डोळ्यातला.

रकान्यात लिहिलं: शनाभाई.
खाली बारीक अक्षरात:
वय साठीच्या पुढे. चष्मा नाही.