वायसर

माझं दुकान खिळ्यांचं, कुलपांचं, साखळ्यांचं,
गावाच्या टोकाला, ऑलिव्हच्या घाण्याशेजारी.
कुत्र्यांची नावंही दुकानातलीच:
तोर्नियो, म्हणजे स्क्रू,
आणि त्याची बहीण तुएर्का, म्हणजे नट.
अकरा वर्षं एकाच गोणपाटावर
एकात एक फिरून घट्ट बसलेली.

नोव्हेंबरात तुएर्का गेली.
तोर्नियो जेवायचा, नाही असं नाही,
पण बरोबर अर्धं.
उरलेलं ताटलीसकट नाकानं ढकलत
भिंतीपर्यंत न्यायचा,
आणि बाजूला होऊन उभा राहायचा.
सकाळी ताटली मी त्याच्यादेखत धुवायची.
तो बघायचा. मला लाज वाटायची.

ओबदुलिया म्हणाली,
"रडायला तुला मी आहे, लाली.
त्याला कोण आहे?
कुत्र्याला कुत्रं दे."

फेब्रुवारीत सशांची शिकार संपते.
मग धावणारी कुत्री, गाल्गो म्हणतात त्यांना,
ओढून लांब केल्यासारखी, गरीब डोळ्यांची,
काहींना नकोशी होतात.
कुणी त्यांना हमरस्त्यावर सोडतं, कुणी कोरड्या विहिरीत,
कुणी झाडाला.
पुढचं सांगत नाही. गावाला माहीत आहे,
आणि रविवारी चर्चमध्ये आम्ही सगळे एकाच बाकावर.

ओबदुलियानं आणली ती कोंड्याच्या रंगाची.
गळ्याभोवती बोटभर रुंद पट्टा,
केसच नसलेला.
नटाच्या जागी नट कुठून आणणार,
म्हणून नाव ठेवलं आरान्देला. वायसर.
आटे नसलेली साधी चकती,
मध्ये सारायची.

तीन आठवडे ती रंगाच्या डब्यांमागे उभी.
बसायचीसुद्धा नाही.
मोजपट्टी सटकन आत गेली की
खाली ओलं.
तोर्नियोनं एकदा हुंगलं, सुस्कारा टाकला,
पाठ फिरवली.
मी म्हटलं, चुकलंच. आटे जुळत नाहीत.

मग एका सकाळी ताटली धुवायला घेतली
तर ती चाटून लख्ख.
त्या संध्याकाळी तोर्नियोनं आपला अर्धा वाटा
भिंतीकडे नेला नाही.
डब्यांकडे नेला.
चार हातांवर थांबला. संधिवात आहे त्याला,
तेवढंच जमलं असेल.

एक गोष्ट मी ओबदुलियाला सांगितली नाही.
तक्रारीसाठी तिनं पिशवीत जपलेला दोरीचा तुकडा
आठ मिलिमीटरचा होता,
पांढऱ्यात एक हिरवा धागा.
माझ्याच रिळावरची.
मीटरला साठ सेंट.
गेल्या वर्षी एकशे चाळीस मीटर विकली,
कपडे वाळत घालायला, ट्रेलर बांधायला, गाढवाला.
कुणाला विचारायचं असतं का, कशाला हवी?

एप्रिलात अनिसेतो आला.
"लाली, त्यातली चार मीटर दे."
गल्ल्याखाली ती थरथरायला लागली,
इतकी, की स्क्रूंचा पत्र्याचा खण वाजू लागला.
तोर्नियो कुरकुरत उठला
आणि सगळं वजन तिच्यावर टाकून आडवा झाला,
वाऱ्यानं उडणाऱ्या कागदावर दगड ठेवावा तसा.
खण वाजायचा थांबला.

"संपली," मी म्हटलं.
अनिसेतोनं माझ्या डोक्यावरच्या रिळाकडे पाहिलं.
मीही पाहिलं.
"दिसतेय की."
"दिसते. पण संपली."
तो जरा वेळ उभा राहिला. मग दोन बिजागऱ्या घेतल्या,
सुटे पैसे मोजून दिले, आणि गेला.
चांगला माणूस आहे तसा.
माझ्या आईच्या शवपेटीला त्यानं खांदा दिला होता.

आता तोर्नियो माझ्या पायथ्याशी झोपत नाही.
गोणपाटावर दोघं, एकाचं नाक दुसरीच्या पोटात.
हाक मारली तर शेपूट हलवतो,
उठत नाही.
मी लोकरीचे मोजे घालून झोपते.
यासाठीच तर आणली होती तिला, स्वतःला सांगते,
आणि थोडा रागही येतो.

रीळ अजून वरच आहे.
काढायचं तर शिडी लावावी लागते,
आणि शिडी ओढली की
ती पुन्हा डब्यांमागे जाऊन उभी राहते.