आरक्षण क्रमांक एकोणचाळीस

मी ट्रेसर होतो. धुळे नगरपालिकेत, बत्तीस वर्षं.
साहेब पेन्सिलीनं शहर काढायचे,
मी ट्रेसिंग कापडावर शाईनं ते पक्कं करायचो.
चुकलं तर ब्लेडनं हलकेच खरवडायचं.

जुना नकाशा सोपा होता.
सरळ गल्ल्या, त्यांना नंबर. चार, पाच, सहा,
जणू कुणी वहीवर रेघा आखून
लिहायचं विसरून गेलं.
रुंदी मोजली तेव्हा कळलं:
एक भरलेली बैलगाडी, समोरून दुसरी,
आणि मध्ये गाडीवानांच्या शिव्यांपुरती जागा.

आगगाडीनं आम्हाला टाळलं.
इंजिनाला चढ सोसत नाही, वळण सोसत नाही.
ते चाळीसगाव, पाचोरा करत
काळ्या सपाटीनं भुसावळला निघून गेलं.
जळगाव वाटेत होतं, म्हणून जळगाव झालं.
आम्हाला मागाहून एक फाटा मिळाला,
चाळीसगावहून येतो आणि इथे संपतो.
आई म्हणायची,
"आपली गाडी पुढे कोठेच जात नही रे भाऊ,
तिले आठेच झोपनं पडस."

मग ट्रक आले. आग्रा रोडनं, सुरतेकडून, नागपूरकडून.
ट्रक थांबले तिथे पंक्चरवाला बसला,
पंक्चरवाल्याशेजारी चहा, चहाशेजारी खाटा,
खाटांमागं पाटे ठोकणारं वर्कशॉप,
वर्कशॉपमागं वस्ती, वस्तीत दोन खोल्यांची शाळा.
ती मी नकाशावर काढली सात वर्षांनी.
पहिली बॅच तोवर दहावी नापास होऊन
ट्रकवर क्लीनर झाली होती.

सुपडू चौधरीचा सायकल स्टँड मात्र मी आधी काढला.
प्लॉट एकोणचाळीस. रंग फिका पिवळा. वाहनतळ.
बाजाराच्या दिवशी फागण्याची, कुसुंब्याची माणसं
सायकली टेकवून, पितळी बिल्ला खिशात टाकून
मोकळ्या हातांनी गावात शिरायची.
मोकळ्या हातांचा माणूस जास्त खरेदी करतो,
हे सुपडूला कुठल्याही साहेबाआधी माहीत होतं.

एका दुपारी फाईल आली.
"एकोणचाळीसचा पिवळा काढा, तळघरात दाखवा."
पिवळा लवकर निघतो. शाईला वेळ लागतो.
तळघर मी तुटक रेषेनं काढलं,
जमिनीखालचं सगळं तुटक रेषेनंच काढतात.
सही साहेबांची होती. हात माझा.
आता त्या तुटक रेषांमध्ये
साड्यांचा सेल आहे, बारा महिने.

आणि गाड्या?
गल्ली पाचात दोन्ही बाजूंना, हँडलला हँडल.
मध्ये एकाही बैलगाडीची जागा नाही,
शिव्यांची आहे.
उरलेल्या पांझरेच्या पात्रात लावतात,
वाळूवर चुन्याच्या रेघा मारून.
नदी वर्षातले थोडेच दिवस घरी असते,
तोवर तिचं अंगण वापरायचं, असा हिशेब.
एका भादव्यात ती रात्रीच परतली.
चौदा मोटरसायकली गेल्या.
एक पार मुडावदच्या संगमाजवळ सापडली,
हँडल लॉक केलेली.

काल नात स्कूटीवर घेऊन निघाली,
माझ्या चष्म्याची काडी बदलायला.
बाजाराला तीन फेऱ्या मारल्या.
चौथ्या फेरीला ती काही न बोलता घरी वळली,
स्कूटी ओट्याखाली लावली,
आणि आम्ही चालत निघालो. सहा मिनिटं.

एकोणचाळीसपाशी ती पाणी आणायला गेली.
मी उभा राहिलो, सुपडूचं खोकं असायचं तिथेच,
खिशात हात.
बिल्ला आहे अजून. एकशे चौदा.
ती सायकल कधीच भंगारात गेली,
बिल्ला परत करायला सुपडू उरला नाही.

वॉचमननं शिट्टी मारली.
"आठे उभं ऱ्हाऊ नका बाबा, गाडी निंघू द्या."
मी सरकलो.
तो म्हणाला, "आजून थोडं."
मी अजून थोडा सरकलो.