प्रश्न क्रमांक चौदा

पारोळ्याच्या पुढे, बोरखेड्यात,
आखाजीच्या दुसऱ्या दिवशी
मी टॅबलेट उघडून बसलो
बेबाबाई बोरसेंच्या ओट्यावर.
निंबाला झोके अजून तसेच,
माहेरवाशिणी निम्म्या परतलेल्या.

विज्ञानावर तुमचा विश्वास किती?
एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे पूर्ण.
प्रशिक्षणात बजावलेलं:
प्रश्न जसाच्या तसा वाचा,
मान हलवू नका,
उत्तर सुचेल असं हसू नका.

"हाऊ सवाल कोना शे?"
विद्यापीठाचा, मी म्हटलं.
"मंग त्यासले सांगा."

गावच्या बोअरसाठी मशीनवाला साहेब आला होता, तारा पसरून,
आणि सुपडू पाणाड्या, तळहातावर नारळ घेऊन.
भांडण होईल म्हणून सगळं गाव जमलं,
तर दोघांनी बोट ठेवलं एकाच बांधावर.
साडेतीनशे फूट धूळ निघाली,
मग जरा गरम धूळ,
मग गाडीवाल्याचं बिल.

मग विश्वास कोणावर?
(हे पुस्तिकेत नव्हतं. मीच विचारलं.)
गाडीवाल्यावर, त्या म्हणाल्या,
तो दांड्या मोजतो.

असा पर्याय नव्हता.
एक ते पाच होते,
आणि अठ्ठ्याण्णव: सांगता येत नाही.
माझं बोट अठ्ठ्याण्णवावर गेलं, थांबलं.

तेवढ्यात त्यांनी आतून दोर आणला, आडाचा.
दर आखाजीला आत सोडायचा,
ओल लागेल तिथं गाठ मारायची,
वरचा कोरडा दोर हातानं मोजायचा.
दाराच्या मागच्या फळीवर बावीस वर्षांचे आकडे,
काही लेकीच्या अक्षरात, काही नातवाच्या,
एक नुसत्या रेघांचा, त्या वर्षी घरात कुणी लिहिणारं नव्हतं.
काल पाहुण्यांत गाठ तेवढी मारली, मोजायचं राहिलं.
धरा, म्हणाल्या.

मी कोपरापासून बोटापर्यंत मोजत गेलो: एकोणीस.
त्यांनी काही न बोलता दोर परत घेतला
आणि पहिल्यापासून मोजला: एकवीस.

"तुमना हात लांब शे."
माझं चुकलं असं नाही म्हणाल्या.
बावीस वर्षं मोजणारा हात हा,
यंदाही हाच चालेल, इतकंच.

खडू माझ्या हातात दिला.
मी फळीवर एकवीस लिहिले.
ओट्यावर टॅबलेट उन्हानं तापला होता,
पडद्यावर तेच:
उत्तर नोंदवलेलं नाही.
प्रश्न वगळायचा?