ओझर ते बिरसी

नातू म्हणाला, आजोबा, सरळ रेघ मारली
तर सहाशे ब्याऐंशी किलोमीटर.
छोट्या विमानाला सव्वा तास,
वारा पाठीमागून असला तर थोडा कमीच.
मग बोटानं स्क्रीन वर सरकवत,
पण थेट विमान नाहीये हं.

नसू दे.
मला कुठं जायचंय, नुसतं विचारलं.

आणि खोबरागडेकडे जायचंच म्हटलं
तर नाशिकरोडहून रात्रीची गाडी आहे,
भुसावळ, अकोला, नागपूर,
चौदा तास गुडघे पोटाशी,
पुढे कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे.

तो लिहितो, घरामागं भाताच्या बांध्या,
बांध्यांपलीकडे धावपट्टीचं टोक.
शिकाऊ पोरं दिवसभर उतरतात, उडतात,
उतरतात.
माझ्या गच्चीवरून इकडची दिसते
जानोरीच्या अंगाला, द्राक्षबागा संपतात तिथं,
थंडीत धुकं उठेस्तोवर तीही नाही.

म्हणजे दोन्ही टोकं आहेत.
मधलं तेवढं नाही.

एकतीस वर्षं आमच्यामध्ये
दोन मिलिमीटरचा पत्रा होता.
मी पंखाच्या बाहेर, हातात गन.
तो आत, पोटावर पालथा,
रिव्हेटच्या बुडाला लोखंडी ठोकळा दाबून.
तोंड दिसायचं नाही.
बोललेलं ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता.
आतून एक ठोका : बसली.
दोन : नाही बसली, पुन्हा मार.
तीन : काढून टाक.
साहेबानं पास केलेल्या रिव्हेटलासुद्धा
तीन द्यायचा हा माणूस.
एकदा वैतागून मी बाहेरून आईवरून शिवी हासडली,
तेव्हाही तीन आले.

जेवणाच्या सुट्टीत समोरासमोर बसलो
की मात्र काही सुचायचं नाही.
तो माझ्या डब्यातला ठेचा घ्यायचा,
मी त्याच्यातला सुकट.
भोंगा व्हायचा.

विमानं गेली, त्यांना जायचं तिकडं गेली.
आम्ही एकातही बसलो नाही.
निरोपाला दोघांना एकसारखी घड्याळं मिळाली,
माझं सात मिनिटं पुढं पळतं,
त्याचं विचारायचं राहिलं.

काल फोन लावला.
कान त्याचे माझ्याआधी गेले,
पंखाच्या आत गन जास्त वाजते.
कोण? कोण बोलते?
सुनेनं घेतला, नाव सांगितलं, परत त्याच्या कानाला लावला.
कोण?

मी चष्म्याच्या डबीनं
फोनच्या पाठीवर एकदा ठोकलं.

तिकडं काहीच नाही.
मागं कुठंतरी घरघर,
उतरणारं विमान असेल,
नाहीतर धानाची गिरणी.

मग टक.
टक.

दोन.
मी पुन्हा मारला.