अज्ञात इसम

ठाण्यातला रायटर गोल गोल अक्षरांत कन्नड लिहितो,
मी समोरच्या बाकावर बसून त्याचं मराठी करते.
'तालुका प्रतिनिधी, खानापूर' हे माझं छापून येणारं नाव.
मानधन महिन्याला आठशे.
जाहिरात आणली तर शेकडा पंधरा.

'यारो अपरिचितरु' म्हणजे अज्ञात इसम.
'आकस्मिक' तसंच राहू द्यायचं, दोन्हीकडं चालतं.
'गोत्तिल्ला' मात्र नेमकं कुठल्याच शब्दात बसत नाही.
चहावाला गोत्तिल्ला म्हणतो तेव्हा त्याला लेकरं असतात,
जेसीबीवाला म्हणतो तेव्हा त्याला हप्ते असतात,
साहेब म्हणतात तेव्हा त्यांना बदली नको असते.
मी तिघांचंही एकच करते :
माहिती मिळू शकली नाही.

इथं पाट्यांवरून डोकी फुटलीत,
एका अक्षरापायी बसना काळं फासलंय.
पण रात्री दोननंतर चोर्ल्याच्या घाटात
गोव्याची दारू आणि मलप्रभेची वाळू
एका जीपच्या मागं मुकाट चालतात.
जीपमधल्याला गोव्यात बाब म्हणतात,
कोल्हापुरात दादा, इथं अण्णा.
सीटखाली तीन राज्यांच्या नंबरप्लेटा.
सीमाप्रश्न सुटलाय की काय, असं वाटतं मला,
नको त्या माणसानं सोडवलाय, इतकंच.

सिद्राय तळवार. वय सव्वीस. वाळूच्या बोटीवर रोजंदार.
त्यानं एका रात्री ट्रिपा मोजल्या.
भरल्या होत्या अकरा, पैसे सातांचे.
हे तो चारचौघांत बोलला, तेही हसत.
तिसऱ्या दिवशी नदीनं त्याला परत दिला,
कमरेला दोरी.
रायटरनं लिहिलं, पाय घसरून.
दोरीचं विचारलं तर म्हणाला,
"मासे धरायला गेला असंल की हो, मॅडम."
त्याच्या बायकोनं ठाण्याच्या पायरीवर तीन दिवस काढले,
नाव घेऊन सांगितलं, बापाच्या नावासकट, घराच्या खुणेसकट.
मग कागदात एक ओळ वाढली :
यारो अपरिचितरु.

त्याच आठवड्यात अण्णांचा वाढदिवस.
अर्धं पान, रंगीत.
मजकूर मीच लिहिला : गोरगरिबांचे कैवारी, युवकांचे आशास्थान.
'स्थान'चा काना राहिला होता, तोही मीच घातला.
कमिशनमधून पोराच्या वह्या आल्या. जाड कागदाच्या.
पेन उमटत नाही मागं.

बातमी पान तीन. जाहिरात पान चार.

फकिरव्वा दुपारी आली, पदरात अंकाचा धरून.
तिला मराठी वाचता येत नाही, कन्नडही नाही.
म्हणाली, कापून द्या.
मी कात्री घेतली. बातमीच्या पाठीला
अण्णांचा डावा कान आला आणि हाराची चार फुलं.
म्हणाली, ओदी हेळ्री.

मी वाचू लागले, मराठीचं पुन्हा कन्नड करत.
नदी वाचली, वार वाचला, वय वाचलं.
ती ओळ आली.
पंखा बंद होता, बाहेर कुत्रंसुद्धा नव्हतं,
तरी माझा आवाज आपोआप खाली गेला
आणि मी नाव वाचलं.
छापलेलं नव्हतं ते.

फकिरव्वा पुढं सरकली.
"एल्लैती?"
कुठं आहे, दाखवा.

तिच्या अंगठ्याला अजून ठाण्याची निळी शाई होती.
मी तो धरला
आणि 'अज्ञात इसम' वर ठेवला.

ती बराच वेळ तिथं अंगठा फिरवत राहिली.
चौकाचौकात तिनं ते नाव बघितलं होतं,
माणसाच्या उंचीचं, सोनेरी.
"इष्ट सण्णद?" म्हणाली.
एवढं बारीक?
मी म्हटलं, हो. पेपरात बारीकच येतं.

घडी घालून तिनं ते चोळीत ठेवलं.
चारच्या बसनं गेली,
शून्य रुपयांचं तिकीट काढून.