डावं पातं

बाबालाल मिस्त्रींनी मला भिंतीला उभं केलं,
हात वर करायला लावले.
"बोटं वाकीव. फळीवरची बरणी काढतीस, तशी."
वाकलेल्या बोटांशी खडूची रेघ मारली
पुराच्या दोन रेघांच्या मधे.
एकोणीसची वर, छताजवळ.
एकवीसची खाली.
मधे मी.

सांगलवाडीत शर्यतीच्या होड्यांची वल्ही
त्यांच्याच हातची, चाळीस वर्षं.
एक दांडा, एक पातं, विषय संपला.
कयाकचं हे दोन तोंडांचं प्रकरण त्यांना पटेना.
कागद उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला.
"म्हंजे कावडच की," म्हणाले,
"फकस्त घागरी न्हाईत."

लाकूड शिवणीचं.
साग जड, खांदा खातो. आंबा पाणी पितो.
तीन पावसाळे माळ्यावर पडलेली फळी
त्यांनी टिचकी मारून ऐकली,
कलिंगड घेताना ऐकतात तशी.

पहिलं वल्हं फुटलं.
गाठ होती पात्यात, रंध्याला दिसली नाही,
पटाशीला दिसली तेव्हा उशीर झाला होता.
काही बोलले नाहीत. चहा सांगितला,
आणि कप रिकामा होईतोवर
तुकड्याकडे पाठ करून बसले.
त्या अर्ध्यानं आता शहाबानू चाची
दोरीवरचे कपडे सारखे करतात.

दुसऱ्याच्या वेळी मी रोज जायचे,
कॉलेज सुटलं की आयर्विनवरून, सायकल ढकलत.
पुलाच्या खांबावरचे फुटांचे आकडे
भर मार्चातही वाचत. सवय.
आमच्या गावात पोरं पाढ्यांआधी ते शिकतात.

वाकस. मग रंधा. मग काच,
फुटक्या बाटलीची, जुन्या चड्डीच्या चिंधीत धरलेली.
"कानस वरबाडती. काच समजूत घालती."
ढलप्या कांद्याच्या पापुद्र्यासारख्या
त्यांच्या दाढीत, माझ्या वहीत, चहात.
दांडा माझ्या अंगठा-तर्जनीच्या कड्यातून
ओवून बघायचे, रोज,
जसा काही माझा हात
रात्रीतून वाढणार होता.

जवसाचं तेल तीनदा. सावलीत. चौथ्यांदा मीच मागितलं,
वासासाठी.

मग मधोमध एका बोटावर तोललं.
झुकलं. डावीकडे, केसभर, पण झुकलं.
मी बघितलं.
मी बघितलेलं त्यांनी बघितलं.
"तुझा उजवा हात दांडगा हाय," म्हणाले.
"कप कुठल्या हातानं धरतीस, सायकल कुठल्या,
म्हैना झाला बघतोय. नाव डावीकडं वळत जाणार हुती तुझी.
डाव्या पात्याला सूतभर जास्त ठिवलंय."
पैसे घेताना मात्र
नजर रंध्याच्या पात्यावर.

माई घाटावरून उतरले तेव्हा
पलीकडे कुणी म्हशी धूत होतं.
तिसऱ्या खांबापर्यंत सरळ गेले.
चौथ्यापर्यंतही.
माप होतं की चूक, अजून कळलेलं नाही.

विचारायला गेले. ते कुणाच्या तरी
शर्यतीच्या बैलांचं जू तासत होते.
मान वर न करता म्हणाले, "हात दाव."
मग मान वर केली, फोड मोजले,
दोन्ही तळव्यांवरचे, बोट ठेवून.
डाव्यावर एक जास्त.
"बघ," म्हणाले,
आणि काय बघायचं ते न सांगता
पुन्हा वाकस उचलला.